सलग आठ दिवस नुसतं पाणी: दिवस जातो कसा?

शरयू

आम्ही दोघं (मी ६३, हे ६८) जानेवारीत ११० रात्रींच्या क्रूझवर निघतोय. बंदरांची काळजी नाही, तिथे उतरून फिरायचंच आहे. पण वेळापत्रकात पनामा कालवा झाला की थेट पॅसिफिकमधली मार्केसस बेटं आहेत आणि मधे सलग आठ 'सी डे', म्हणजे बंदर न लागणारे दिवस. यांच्या गोळ्या बारा-बारा तासांनी असतात. मला लहानपणी साध्या होडीतही बोट लागायची. जे एवढे दिवस समुद्रावर राहिलेत त्यांना विचारते, उठल्यापासून झोपेपर्यंत तिथे माणूस करतो काय? जाहिरातीतलं नको, साधा रोजचा दिवस सांगा.

भूगोलबाई

शरयूताई, नेमका हाच टप्पा मी दोन वर्षांपूर्वी एकटीने केलाय. ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी माझी चूक सांगते. रोज संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका येते. पहिले दहा दिवस मी त्यातलं काहीच सोडलं नाही. सकाळी व्यायाम, मग व्याख्यान, चित्रकला, नाच, रात्री नाटकघर. अकराव्या दिवशी घसा बसला, ताप आला आणि चार दिवस पडून काढले. आठवड्याच्या सहलीत हे चालून जातं. ११० दिवस राहायचं म्हणजे ते घरच झालं.

पनामानंतर मी दिवसाला एकच कार्यक्रम ठरवला. पहाटे प्रॉमनाड डेकवर, म्हणजे फिरायच्या मोकळ्या डेकवर, फेऱ्या मारायच्या. त्या वेळी खलाशी कठड्यांवरचं मीठ गोड्या पाण्याने धूत असतात, डेक ओला असतो, बूट चांगले पकडीचे घ्या. मग वाचन. आणि दुपारी बाराला हातातलं सगळं सोडून वही उघडायची, कारण त्या वेळी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, घोषणा होते: अक्षांश, रेखांश, वारा, पाण्याचं तापमान, खाली समुद्र किती खोल. रोज मी नकाशावर एक टिंब काढत असे. एका दुपारी खोली चार हजार मीटरच्या वर निघाली. मी कठड्याशी जाऊन खाली बघत किती वेळ उभी होते कोण जाणे.

आमच्या डेकवरून, पाण्यापासून साधारण २० मीटर उंचीवरून, क्षितिज सुमारे १६ किलोमीटरवर असतं. म्हणजे आपण कायम तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाच्या मध्यावर. आठ दिवसांत त्या वर्तुळात दुसरं जहाज एकदाच आलं. जेवणाच्या टेबलावर दोन दिवस तोच विषय.

आता घड्याळ. पश्चिमेकडे जाताना दर १५ रेखांशांमागे ते तासभर मागे घ्यावं लागतं. तो दिवस २५ तासांचा. या टप्प्यात असं चारदा झालं आणि वर आणखी अर्धा तास, कारण मार्केससची वेळ ग्रिनिचच्या साडेनऊ तास मागे आहे. शरीराला हे लगेच कळत नाही, पहाटे चारलाच जाग येते. तुमच्या यजमानांच्या गोळ्या अशा दिवशी घड्याळाप्रमाणे घ्यायच्या की तासांच्या अंतराने, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत, ठरलेल्या दिवसांपेक्षा पंधरा दिवसांची जास्त.

रात्रीबद्दल मात्र मला मनापासून सांगायचंय. पुढच्या बाजूच्या वरच्या डेकवर दिवे जवळजवळ नसतात, ब्रिजवरच्या लोकांना अंधारात नीट दिसावं म्हणून. तिथे रोज जा. पनामा साधारण ९ अंश उत्तरेला, मार्केसस ९ अंश दक्षिणेला. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाएवढाच उंच दिसतो, म्हणजे तो आधीच क्षितिजाला टेकलेला, आणि हात लांब करून मोजलं तर रोज जेमतेम एक बोटभर खाली जातो. ज्याला आपण अढळ म्हणतो तो! विषुववृत्त ओलांडायच्या आदल्या रात्री धुरकटपणात तो मला सापडलाच नाही. दक्षिणेला मात्र त्रिशंकू हा तारकासमूह स्वच्छ वर आला होता. पोरांना फळ्यावर खडूने काढून दाखवलेली गोष्ट मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. रडू आलं मला.

जुना_खलाशी

बाईंनी छान लिहिलंय. मी जहाजावर हाउसकीपिंगला होतो, कामाचं तेवढं सांगतो. बोट लागत असेल तर केबिन खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या, हेलकावे तिथे सगळ्यात कमी. बाल्कनीच्या मोहाने वर, अगदी पुढच्या टोकाला जाऊ नका. जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवलेल्या दिसल्या की समजा रात्री समुद्र खवळणार आहे. गोळी तेव्हाच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. यजमानांच्या औषधांबरोबर ती चालते का, तेही विचारून ठेवा.

हात साबणाने धुवा. दाराशी सॅनिटायझर असतो, पण उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस त्याने नीट मरत नाही आणि जहाजावर तो फार लवकर पसरतो. इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. कपडे धुवायच्या खोलीत सी डेला रांग आणि भांडणं. बंदराच्या दिवशी सकाळी जा, मशीन रिकामं मिळेल.

निवांत

माझं मत थोडं वेगळं आहे. मला ते दिवस जड गेले. पाण्याचा त्रास नव्हता, पण त्या लहान खोलीत आम्ही दोघं दिवसरात्र समोरासमोर. चौथ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून मोठं भांडण झालं. मग ठरवलं, सकाळी नऊ ते एक ती तिच्या वाटेने, मी माझ्या. जेवताना एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं. शरयूताई, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

शरयू

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! केबिन मधली करून घेतली आज. यांनी वही आणि नकाशा आत्ताच बाजूला काढलाय. बाई, एक शंका. पुढे तारीखरेषेवर एक दिवस गायब होतो म्हणतात. यांचा वाढदिवस त्याच सुमारास आहे.

भूगोलबाई

हो, पश्चिमेकडे पृथ्वीच्या पूर्ण फेरीत घड्याळ एकूण २४ तास मागे जातं, तोच दिवस तिथे वजा होतो. मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेतलं परतणारं जहाज १५२२ मध्ये आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर पोचलं, तेव्हा जहाजाच्या नोंदीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. नोंदी बिनचूक असूनही. कुठली तारीख गाळणार ते जहाजावर आधी जाहीर होतं. चढल्यावर रिसेप्शनला विचारा, आणि तीच निघाली तर आदल्या रात्रीचं टेबल तेव्हाच सांगून ठेवा.