अबेनाकी लोकांबद्दल मदत हवी आहे, ओडानाकला कुणी जाऊन आलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही व्हरमाँटमधे बर्लिंग्टनला राहतो, लेकीला शाळेत अबेनाकी या इथल्या मूळ रहिवासी (नेटिव्ह अमेरिकन) लोकांवर प्रोजेक्ट आहे आणि वाचता वाचता तिच्यापेक्षा मीच जास्त गुंतलेय. शॅम्प्लेन सरोवराच्या काठची ही सगळी त्यांचीच जमीन, आणि इंग्रजांशी लढाया वाढल्या तशी बरीच कुटुंबं वर कॅनडात क्वेबेकमधे सरकली, तिथलं त्यांचं ओडानाक गाव १७५९ मधे रॉबर्ट रॉजर्सच्या रेंजर्सनी, म्हणजे इंग्रजांच्या बाजूच्या सैनिकांनी, जाळलं, तरी ती वस्ती आजही आहे हे वाचून खरंच भरून आलं.

आता माझी अडचण. व्हरमाँट राज्याने २०११ आणि २०१२ मधे मिळून चार गटांना अबेनाकी जमाती म्हणून मान्यता दिली, पण ओडानाक आणि वोलिनाक (क्वेबेकमधलीच दुसरी अबेनाकी वस्ती) इथले अबेनाकी म्हणतात की या गटांचं आमच्याशी नातं सिद्ध होत नाही. दहा वर्षांच्या मुलीला हे कसं समजवायचं? मला वाटतं ओडानाकची बाजू तिला कळायलाच हवी, शाळेतल्या माहितीत ती नाहीच.

ओडानाकला अबेनाकी म्युझियम आहे, लहान मुलांना घेऊन कुणी गेलं असेल तर सांगा ना, फ्रेंच येत नसेल तर निभतं का? आणि टोपल्या विणताना बघायला मिळतात का, काळ्या अ‍ॅश (black ash) झाडाचा ओंडका ठोकून ठोकून पट्ट्या सोडवतात आणि सुगंधी स्वीटग्रास गुंफतात त्या, लेकीला तेच बघायचंय. मॉन्ट्रियलकडचं कुणी असेल तर प्लीज लिहा.