हॅशमॅपमध्ये मेट्रोची स्टेशनं दरवेळी वेगळ्या क्रमाने का येतात?

वर्धारोडवाला:
जावात नागपूर मेट्रोच्या खापरी ते सीताबर्डी मार्गाची ११ स्टेशनं एनममध्ये (ठरावीक नावांची यादी) लिहिली आहेत, खापरीपासून ओळीने. कुठे किती प्रवासी चढले ते हॅशमॅपमध्ये (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या ठेवणारी रचना) ठेवतो. की स्टेशन, व्हॅल्यू इंटिजर. छापताना कधी अजनी चौक आधी येतो, कधी एअरपोर्ट. प्रोग्राम पुन्हा चालवला की क्रम बदलतो. की म्हणून स्ट्रिंग होती तेव्हा क्रम वेडावाकडा असला तरी दरवेळी तोच यायचा. की क्रमाने लावून ठेवणारा ट्रीमॅप लावू का?

धरमपेठ_कट्टा:
हॅशमॅप कीची जागा हॅशकोड नावाच्या आकड्यावरून ठरवतो. स्ट्रिंगचा हॅशकोड अक्षरांवरून निघतो, म्हणून तो बदलत नाही. एनमचा हॅशकोड ऑब्जेक्टच्या ओळखीवरून येतो, तो प्रत्येक रनला वेगळा असू शकतो. ट्रीमॅपने क्रम लागेल, पण प्रत्येक शोधाला तुलना करत बसेल. यासाठी, म्हणजे की एनम असेल तेव्हा, जावा ५ पासून एनममॅप आहे. बनवताना कंसात स्टेशन.क्लास द्यावं लागतं, बाकी कोड तसाच राहतो. आत साधा ॲरे असतो: खापरी ० व्या खणात, उज्ज्वल नगर ४ थ्या, सीताबर्डी १० व्या. हॅशिंग नाही, दोन की एकाच जागी येऊन टक्कर नाही, आणि क्रम एनममध्ये लिहिला तोच.

नोंदींचे गट पाडायला ग्रुपिंगबाय वापरत असाल तर मधला आर्ग्युमेंट म्हणून नवा एनममॅप देणारा लॅम्डा (छोटं बिननावाचं फंक्शन) द्या. तो विसरलात की गुपचूप हॅशमॅपच मिळतो.

वर्धारोडवाला:
क्रम आला, धन्यवाद भाऊ. पण आता उज्ज्वल नगरचा आकडा इंटमध्ये घेताना नलपॉइंटर एरर येतो. ॲरेत खण आहे ना?

संत्रा_बाइट:
खण आहे, पण रिकामा. एनममॅप सगळ्या की स्वतः भरत नाही. गेट नल (म्हणजे काहीच नाही) देतो आणि तो इंटमध्ये उतरवताना फुटतो. मोजणीसाठी मर्ज वापरा, तो जुन्या आकड्यात नवा मिळवतो: मर्ज(स्टेशन, १, इंटिजर::सम). वाचताना गेटऑरडिफॉल्ट, म्हणजे की नसेल तर तुम्ही दिलेला आकडा मिळतो. सुरुवातीलाच सगळीकडे ० भरून ठेवू नका असं माझं मत. मग "कोणीच चढलं नाही" आणि "डेटाच आला नाही" यातला फरक कळत नाही.

नल ही की म्हणून पुट केली तर इथेही नलपॉइंटरच येतो. हॅशमॅप ती मुकाट्याने घेतो, त्यामुळे बदल केल्यावर जुन्या चुका अचानक वर येतात. ते चांगलंच आहे.

धरमपेठ_कट्टा:
आणखी एक, यात भलेभले अडकतात. ॲरेत ऑर्डिनल (एनमच्या यादीतला क्रमांक) चालतो म्हणून तोच डेटाबेसात टाकू नका राजेहो. समजा यादीत छत्रपती चौक राहून गेला होता: जयप्रकाश नगर ५, अजनी चौक ६. नंतर छत्रपती चौक मधे घातला की ६ म्हणजे तोच, आणि अजनीच्या जुन्या नोंदी त्याच्या खात्यात. एरर येत नाही, नुसते आकडे चुकतात. जेपीएमध्ये (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसात ठेवायची पद्धत) एन्युमरेटेड या खुणेचा डिफॉल्ट ऑर्डिनलच आहे, तिथे एनमटाइप.स्ट्रिंग लिहा. मग मात्र कॉन्स्टंटचं नाव बदलायचं तर जुन्या ओळीही बदलाव्या लागतील.

संत्रा_बाइट:
अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकाच मॅपमध्ये लिहिणार असतील तर कलेक्शन्स.सिंक्रोनाइज्डमॅपमध्ये गुंडाळा. एनममॅपवर फिरताना दुसऱ्या थ्रेडने बदल केला तरी एक्सेप्शन येत नाही. तो बदल दिसेल किंवा दिसणार नाही.