दुबईसाठी दिरहाम आत्ता घ्यावे की रुपया सावरायची वाट बघावी? घरात वाद पेटलाय

पिंप्राळेकर (जळगाव)
मंडळी नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत दुबईला चाललोय, सहा दिवस. आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई-अप्पा. तिकीट, हॉटेल, व्हिसा सगळं टूरवाल्याकडे भरून झालं, आता वरखर्चाचे साधारण ६००० दिरहाम लागतील असा अंदाज धरलाय. निघायला अजून दीड महिना आहे. माझं म्हणणं थांबू, रुपया इतका पडलाय की थोडा तरी वर येईलच ना. बायको म्हणते आजच घेऊन टाका, तुमचं थांबणं म्हणजे प्लॉटसारखं, दहा वर्षं थांबलात आणि शेवटी दुप्पट भावात घेतला. (हे तिला दर वादात आठवतं.) अप्पांचं तिसरंच, ते म्हणतात दिरहाम कशाला, पाचशेच्या नोटा घेऊन चला, तिकडे मीना बाजारात सगळी आपलीच माणसं. कोण बरोबर?

रावेरचा केळीवाला
वहिनी बरोबर. भाऊ तुम्ही जळगावचे आणि कापसाचं विसरले? २०२१-२२ ला कापूस दहा हजाराच्या वर गेला, म्हणून पुढच्या वर्षी आमच्या गावात कोणी विकलाच नाही, पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवला, सगळ्यांच्या अंगाला खाज, पाहुणा आला तर बसायला जागा नाही, आणि शेवटी विकला सात हजारच्या आसपास. भाव आपल्यासाठी थांबत नसतो. रुपयाचं पण तेच, २०२४ च्या सुरुवातीला डॉलर ८३ ला होता, डिसेंबर २०२५ मध्ये नव्वद ओलांडली. तुम्ही खाली यायची वाट बघू राहिले आणि तो वर चढू राहिला. उद्या सकाळी दुकान उघडलं की घ्या.

निवृत्त कॅशियर, धुळे
केळीवाले दादा, कापसाचा दाखला उलटा पडतो हो. तिथे लोक थांबले म्हणून बुडाले हे खरं, पण ते थांबले का, तर आदल्या वर्षीचा चढता भाव बघून. चढतोय म्हणजे चढतच राहणार असं धरलं. तुम्ही आत्ता डॉलरबद्दल तेच धरताय. २०१३ चा ऑगस्ट मला चांगला आठवतो, मी तेव्हा काउंटरवर होतो. महिनाअखेर डॉलर ६८ च्या वर गेला, लोक घाबरून रांगेत, पोराची अमेरिकेची फी आजच पाठवा, आजच पाठवा. ऑक्टोबरात तोच डॉलर ६१-६२ ला. ज्यांनी त्या आठवड्यात सगळं घेतलं ते मला पुढे दोन वर्षं ऐकवत होते, जसा काही भाव मीच लावला होता.

पिंप्राळेकर, एक लक्षात घ्या, दिरहामला स्वतःचा असा भाव नाही. तो १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे. डॉलर हलला की दिरहाम तितकाच हलतो. त्यामुळे दिरहाम स्वस्त व्हायची वाट वगैरे काही नसतं, तुम्ही रुपयावर पैज लावताय. पैज लावायची नसेल तर तीन हप्त्यात घ्या, आत्ता थोडे, पंधरा दिवसांनी थोडे, निघायच्या आधी बाकीचे. आणि चलन प्रवासाच्या आधीच्या साठ दिवसांतच मिळतं, वर्षभर आधी घेऊन तिजोरीत ठेवायची सोय नाही. पॅन, पासपोर्ट, तिकीट लागेल. पन्नास हजाराच्या वर रोख रुपये देऊन घेता येत नाही, चेक किंवा ट्रान्सफर.

भुसावळ ते पुणे
तुम्ही सगळे चुकीच्या गोष्टीवर भांडताय. हिशोब करून बघा ना एकदा. ६००० दिरहाम म्हणजे १६३४ डॉलर. समजा डॉलर ९० चा ८९ झाला, तर वाचले किती? १६३४ रुपये. अख्ख्या ट्रिपवर. दीड महिना रोज सकाळी मोबाईलवर भाव बघून, बायकोशी भांडून, सोळाशे रुपये. तेवढ्याचं तर विमानतळावर सहा जणांचं चहापाणी होतं.

आता दुसरीकडे बघा. मी मागच्या वर्षी एकाच दुपारी जळगावात दोन आणि मुंबईत एक अशा तीन ठिकाणी फोन लावला, सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यात दिरहाममागे ७० पैसे फरक. ६००० वर ४२०० रुपये झाले. आणि हे विमानतळाच्या काउंटरला विचारायच्या आधी. सराफ बाजारात सोनं घेताना आपण काय करतो? भाव तर सगळीकडे जवळपास सारखाच, आपण घडणावळ किती लावणार ते विचारतो आणि त्यावर घासाघीस करतो. डॉलरची पण घडणावळ असते, फक्त ती भावातच मिसळलेली असते म्हणून दिसत नाही. मोबाईलवर दिसतो तो भाव आणि दुकानदार सांगतो तो भाव, यातला फरक म्हणजे त्याची मजुरी. जीएसटीची भीती घालतात काही जण, तो तर दीड लाखाच्या आसपास घेतलं तरी सव्वादोनशे रुपयांच्या आत बसतो.

माझं मत, रोख थोडी आणि बाकी कार्ड. पण साधं क्रेडिट कार्ड नको, त्यावर साडेतीन टक्क्यांपर्यंत परकीय चलनाचा चार्ज आणि त्याच्यावर पुन्हा जीएसटी, तुमच्या रकमेवर सहा हजार झाले. चार्ज नसलेली कार्डं मिळतात, दीड महिन्यात आरामात हातात येईल. आणि तिकडे मशीन विचारतं रुपयात घेऊ की दिरहाममध्ये. आपल्याला रुपये बघून बरं वाटतं आणि आपण तेच दाबतो. दिरहामच दाबा, रुपयात भाव तो दुकानाचा मशीनवाला लावतो आणि चांगलाच लावतो. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख मात्र कधीच नाही, व्याज पहिल्या दिवसापासून.

नंदुरबारची मास्तरीण
कार्डवाल्या दादाला एकच विचारते, परदेशात मध्यरात्री कार्ड बंद पडलंय का कधी? आम्ही मागच्या मे महिन्यात बँकॉकला होतो. सासूबाईंचं पोट बिघडलं, औषधाच्या दुकानात कार्ड दिलं, नाही चाललं. दुसरं दिलं, ओटीपी मागितला, आमचं सिम रोमिंगवर नव्हतं. यांच्या बँकेला फोन लावला तर एक दाबा दोन दाबा. शेवटी एटीएममधून काढले, तिथे प्रत्येक वेळी २२० बाट कापले, तुम्ही पाचशे काढा नाहीतर दहा हजार. दोन वेळा काढले, म्हणजे ४४० बाट असेच गेले. तेव्हापासून मी ठरवलंय, म्हातारं माणूस सोबत असेल तर पाकिटात रोख पाहिजे म्हणजे पाहिजे. चार पैसे जास्त गेले तर गेले. सगळा हिशोब पैशातच होतो का?

भुसावळ ते पुणे
ताई वाईट वाटलं ऐकून, पण कार्डाचा परदेशातला वापर ॲपमधून आधी चालू करावा लागतो, तो बहुतेक केलेला नसणार. यात कार्डाचा काय दोष?

नंदुरबारची मास्तरीण
दोष नाही म्हणाले मी कुठे. विसरणाऱ्या माणसांसाठी काय सोय ते सांगा. आम्ही माणसंच आहोत, विसरतो.

अमळनेरना जिभाऊ
कसाले इतला इचार करस भो. सोळाशे रुप्यासाठे घरमा भांडन! वहिनीले इचार, घेऊन टाक, मोकळा व्हय. 😄

चोपडेकर
थांबा, वीस टक्के टीसीएस, म्हणजे आधीच वसूल करतात तो आयकर, कापतात त्याचं काय? माझ्या साडूने सांगितलं परदेशी चलन घेतलं की पाचवा हिस्सा सरकारकडे. म्हणजे दीड लाखावर तीस हजार!

निवृत्त कॅशियर, धुळे
साडूला चहाला बोलवा आणि समजवा. आपण स्वतः चलन घेतो त्याला आर्थिक वर्षात माणशी दहा लाखापर्यंत टीसीएस नाही, एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा सातवरून दहा केली. टूर पॅकेजवरचा टीसीएस वेगळा, तो पहिल्या रुपयापासून लागतो, पिंप्राळेकरांच्या टूरवाल्याने तो बिलात लावलाच असेल. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना वळते होतात.

अप्पांच्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही म्हणून सांगतो. भारतीय नोटा माणशी २५,००० पर्यंत बाहेर नेता येतात, त्यात बेकायदा काही नाही, आणि मीना बाजारात बदलून पण मिळतात. पण भाव तिथल्या दुकानदाराच्या मर्जीवर. त्यापेक्षा मी म्हणेन थोडे शंभराचे डॉलर न्या. आपल्याकडे डॉलरवरचा फरक दिरहामपेक्षा बऱ्याचदा कमी असतो, तिकडे दर बांधलेला असल्याने डॉलरचे दिरहाम करताना फारसं जात नाही, आणि उरले तर २००० डॉलरपर्यंत घरात ठेवता येतात, पुढच्या सहलीला कामाला येतील. दिरहाम उरले तर काय करणार, परत विकताना पुन्हा घट. नोटा मात्र कोऱ्या बघून घ्या. आणि पावती घ्याच, कोणाचा तरी भाचा हॉटेलात आणून देतो म्हणाला तर नको म्हणा.

रावेरचा केळीवाला
डॉलर घ्या, दिरहाम घ्या, पण आत्ता घ्या. मी माझ्या मतावर आहे. काका तुमचा २०१३ एकदा झाला, माझा कापूस दर दोन-तीन वर्षांनी होतो.

भुसावळ ते पुणे
काका डॉलरचं पटलं, हे मला सुचलं नव्हतं. दोन्ही भाव विचारून गुणाकार करून बघायला पाहिजे. रोख अगदीच लागणार नाही असं नाही, खाडी ओलांडायला अब्रा म्हणजे होडी असते तिथे सुटे द्यावे लागतात, आणि हॉटेलात टुरिझम दिरहाम म्हणून खोलीमागे रोजचे स्टारप्रमाणे ७ ते २० घेतात, ते पॅकेजमध्ये आहेत का टूरवाल्याला विचारून घ्या.

पिंप्राळेकर (जळगाव)
सगळ्यांचे आभार. चार ठिकाणी फोन लावले आज. विश्वास बसत नाही पण आमच्या घराजवळचा, जो ओळखीचा म्हणून मी डोळे झाकून त्याच्याकडेच जाणार होतो, तोच सगळ्यात महाग निघाला. ओळखीचा म्हणून त्याने घडणावळ जास्त लावली बहुतेक. 😀

ठरलं असं, पाचशे डॉलर आणि सुट्यापुरते पाचशे दिरहाम याच आठवड्यात, बायकोचं समाधान. चार्ज नसलेल्या कार्डासाठी अर्ज केलाय, बाकीचा खर्च त्यावर, म्हणजे तेवढ्यापुरता मी थांबलोच म्हणायचं, तो विषय तिच्यापुढे काढणार नाही. मास्तरीणबाईंचं ऐकून परदेशातला वापर चालू करायचं दोघांच्या मोबाईलवर रिमाइंडर लावलंय आणि रोमिंगचा पॅक पण घेतोय.

अप्पांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. आत्ता आईकडून कळलं की पाचशेच्या वीस नोटा कळण्याच्या पिठाच्या डब्यात ठेवल्यात आणि तो डबा दुबईला न्यायच्या बॅगेत आहे. दहा हजारच आहेत, मी काही बोललो नाही.