आम्ही आत अडकलो नव्हतो हो! (गुहांच्या बातम्या आणि डोक्याला ताप)

चिखलात_लोळणारी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

मी गेली सहा वर्षं दर फेब्रुवारीत मेघालयात केव्हिंगला जाते. म्हणजे लेणी बघायला नाही, चुनखडीच्या नैसर्गिक गुहांमध्ये सरपटत जाऊन त्यांचे नकाशे करायला. हे प्रत्येक लग्नकार्यात समजावून सांगावं लागतं आणि तरी शेवटी "हो का, अजिंठ्याला का, छान छान" हेच ऐकायला मिळतं, ते एक असो. मराठीत लेणं आणि गुहा असे दोन स्वच्छ वेगळे शब्द असूनही ही तऱ्हा.

तर यंदा परत आल्यावर ओळखीतून एका पेपरच्या पुरवणीवाल्यांचा फोन आला. माणूस चांगला होता, वीस-पंचवीस मिनिटं बोलला, मीही उत्साहात सगळं सांगितलं, फोटो पाठवले. रविवारी छापून आलं. मथळा: "पुण्याच्या हिरकणीने शोधली अज्ञात गुहा, काळोखात १४ तास मृत्यूशी झुंज".

हिरकणी! मी ४३ वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून जाते. आणि शोधली कुठली, ती गुहा गावातल्या लोकांना पणज्या-आज्यांपासून माहीत आहे, त्यांनीच आम्हाला तोंडापर्यंत नेऊन सोडलं, आम्ही सहाजणांनी दोन दिवसांत साधारण ६०० मीटर मोजली आणि त्यात माझं काम म्हणजे वही. लेझर एकाकडे, पुढे जाऊन खूण करणारा दुसरा, मी मागून आकडे लिहून घेत रेखाटन करणारी.

आणि ते १४ तास. सकाळी ८ ला आत गेलो, रात्री १० ला बाहेर आलो, कारण तसंच ठरलं होतं. आत जाण्याआधी कॅम्पवर कॉलआउट लिहून ठेवतो, म्हणजे अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर शोधायला निघा. आमचा कॉलआउट रात्री १२ चा होता. दोन तास शिल्लक ठेवून आलो, मधे बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. झुंज झाली असेल तर ती ओल्या मोज्यांशी. हे सगळं मी फोनवर सांगितलं होतं, दशम्यांसकट. त्यातलं "१४ तास" आणि "काळोख" एवढंच उरलं.

गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याचे जे खांब तयार होतात त्यांना शाळेत शिकलो म्हणून मी "लवणस्तंभ" म्हणाले, तर छापलं "मिठाचे खांब". अहो मीठ असतं तर मेघालयच्या पावसात केव्हाच विरघळून गेलं असतं.

इथपर्यंत मी हसून सोडून दिलं असतं. पण खाली एक चौकट होती, "कसे जाल?" त्यात गावाचं नाव, कुठल्या फाट्याला वळायचं, तिथून किती चालायचं, सगळं. मी गप्पांच्या ओघात बोलून गेले होते ते. तिकडे गावाच्या मुखियाला रंगबाह श्नोंग म्हणतात, त्यांच्याशी बसून, चहा-क्वाय (म्हणजे तिकडचं पान-सुपारी) होऊन मगच परवानगी मिळते आणि आम्ही जागा जाहीर करणार नाही असा शब्द दिला होता. आतले खांब एकदा तुटले की आपल्या हयातीत परत वाढत नाहीत. मेघालयातल्याच मॉम्लुह गुहेतल्या अशा एका खांबावरून तर ४२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाचा माग लागला आणि २०१८ मध्ये भूशास्त्रवाल्यांनी तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडाला मेघालयन असं नाव दिलं. असल्या ठिकाणी लोक दिल-बदाम कोरायला जाणार, मी दिलेल्या पत्त्यावरून.

प्रश्न असा की आता काय करू? खुलासा पाठवला तर छापतात का? ऑनलाइन आवृत्तीतली चौकट काढता येते का? की गप्प बसू, कारण बोललं की परत बातमी होते?

कातळकडा

ताई, या क्लबात स्वागत आहे. आमचा अनुभव सह्याद्रीतला. रेस्क्यूला जातो आम्ही, पावसाळ्यात महिन्यातून दोन-तीन कॉल ठरलेले. धबधब्यावर स्लीपर घालून सेल्फी काढताना जो घसरतो तो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात "ट्रेकर" असतो. बाटल्या घेऊन धरणावर आलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा डोंगर बघितला, तोही ट्रेकर. मग कलेक्टरसाहेब बंदीचा आदेश काढतात आणि जे वर्षानुवर्षं दोर घेऊन नीट जातायत ते घरी बसतात.

आणि गुहेचं म्हणाल तर आमच्याकडे गुहा नाहीत, भुयारं आहेत! दर वर्षी पावसात कुठल्यातरी गडाची भिंत ढासळते, आत एक भोक दिसतं, आणि "भुयारी मार्ग सापडला, थेट पायथ्याच्या गावात निघत असल्याची चर्चा". अरे बाबांनो हा बेसाल्ट आहे, चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, इथे जे भोक आहे ते बहुतेक वेळा कोणीतरी छिन्नी-हातोड्याने खोदलेलं आहे, आणि मैलोगणती खोदायला कोणाला वेळ होता. अशाच एका "भुयारात" आम्ही तिघं गेलो होतो, बातमी वाचून, दोर-बीर घेऊन. नऊ फुटांवर संपलं. धान्याचं कोठार असावं. बाहेर आलो तर वार्ताहर उभा, विचारतो पलीकडचं टोक कुठे निघतं. संपलं म्हटलं, तर म्हणे म्हणजे पुढचा मार्ग बुजवलाय.

सल्ला एकच, फोनवर बोलायचं नाही, लिहून द्यायचं. आणि जागेचं नाव तोंडातून काढायचंच नाही, तालुका सुद्धा नाही.

माजी_उपसंपादक

मी १९ वर्षं डेस्कवर काढली, आता निवृत्त, त्यामुळे शिव्या खायला मोकळा आहे. थोडी आमची बाजू ऐका.

ज्या मुलाशी तुम्ही बोललात त्याने मथळा दिलेला नसतो. मथळा देतो डेस्कवरचा माणूस, रात्री साडेदहाला, सात पानं समोर असताना. "सर्वेक्षण केले" दोन कॉलमात बसत नाही, "शोधली" बसतं. "मिठाचे खांब" मात्र अक्षम्य आहे, त्याबद्दल व्यवसायाच्या वतीने माफी मागतो.

थायलंडची ती थाम लुआंग गुहा आठवत असेल, २०१८ चा जून-जुलै, १२ मुलं आणि त्यांचा कोच पुराच्या पाण्यामुळे आत अडकले होते. मी तेव्हा डेस्कवरच होतो. सगळी कॉपी एजन्सीकडून इंग्रजीत यायची आणि आम्ही भाषांतर करून सोडायचो. रोज "ऑक्सिजन सिलिंडर" लिहायचो. एक दिवस एका वाचकाचा फोन आला, स्वतः डायव्हिंग करणारे होते, म्हणाले साहेब, टाकीत दाबून भरलेली साधी हवा असते, शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर तो विषारी ठरू लागतो, झटके येतात. मी होहो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी परत ऑक्सिजन सिलिंडरच गेलं, कारण "हवेची टाकी" म्हटलं की वाचकाला पंक्चरवाला आठवतो. गंमत म्हणजे मुलं होती त्या कप्प्यातला ऑक्सिजन खरोखरच १५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, तेव्हा तो शब्द तिथे बरोबर होता आणि टाकीबाबत चूक.

मुलांना डायव्हिंग शिकवतायत, ती डायव्हरबरोबर पोहत बाहेर येणार, हेही आम्ही छापलं. प्रत्यक्षात रिचर्ड हॅरिस नावाच्या ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञाने त्यांना केटामाइन देऊन बेशुद्ध केलं होतं आणि सामानासारखं बाहेर काढलं. पण यात नुसता पेपरचा दोष कसा म्हणता, तेव्हा अधिकृत माहितीच अर्धवट दिली जात होती.

मराठी पेपरांचा वेगळाच आजार, आपला माणूस शोधायचा. किर्लोस्करांचे तज्ज्ञ पाणी उपसण्याच्या कामात मदतीला तिथे होते, ही खरी आणि अभिमानाची गोष्ट. पण त्या आठवड्यातलं आमच्याकडचं वाचून एखाद्याला वाटावं की मुलं आपणच काढली आणि ते ब्रिटिश डायव्हर आजूबाजूला उभे होते.

आता कामाचं. छापील खुलासा ५०-६० शब्दांत, थेट संपादकांच्या नावे, रागवारागवी न करता. "शोधली" वगैरेवर शब्द खर्च करू नका, ते कोणी दुरुस्त करणार नाही. फक्त चौकटीवर बोला: जागा जाहीर करायला गावाची संमती नव्हती. ऑनलाइनसाठी मेल नको, फोन करा, दुपारी तीन-चारला, तेव्हा डेस्क रिकामं असतं. पाच मिनिटांचं काम असतं ते.

टवाळ_बाळू

सगळं मान्य, पण फोटो पाठवताना हौस होतीच ना हो? पेपरवाला घरात घुसून तर घेऊन गेला नाही.

चिखलात_लोळणारी

@टवाळ_बाळू, होती. खोटं कशाला बोलू. चांगले निवडून पाठवले होते. त्यातला एक, बाहेर आल्यावर हेल्मेट काढून चिखलाच्या तोंडाने जांभई देतेय असा, त्याखाली ओळ छापली "सुटकेनंतरचा क्षण".

वेल्सवाला_विन्या

मी इकडे कार्डिफला असतो, केव्हिंग क्लबचा मेंबर आहे. "अडकले" हा शब्द जगभरचा रोग आहे बघा. २०२३ ला तुर्कस्तानात मोर्जा गुहेत एक अमेरिकन केव्हर हजारेक मीटर खोलीवर आजारी पडला, पोटात रक्तस्राव. तो स्वतः अनुभवी रेस्क्यूवाला, बाहेरचा रस्ता पक्का माहीत, दोर लावलेले, फक्त अंगात वर चढायचं त्राण नाही. डॉक्टरांनी आत जाऊन त्याला रक्त दिलं, मग स्ट्रेचरवरून बाहेर काढायला दिवसच्या दिवस लागले. आणि जगभर मथळा काय, गुहेत अडकला. माझ्या सासूबाईंचा सोलापूरहून फोन, दरड कोसळली का म्हणून. आता हिमालयात कोणाला हार्ट अटॅक आला तर आपण तो हिमालयात अडकला म्हणतो का?

त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या इथेच, ओगोव्ह फनन दी नावाची गुहा आहे, तिथे एकजण पडून जबर जखमी झाला. बाहेर काढायला ५४ तास लागले, अडीचशेच्या आसपास माणसं राबली. बातम्यांखाली कॉमेंट काय, आमच्या टॅक्सच्या पैशावर यांची मजा. अरे पण ती माणसं स्वतःच केव्हर असतात, फुकट येतात, आपापल्या नोकरीतून सुट्टी टाकून, कारण उद्या ते पडले तर आपण जाणार असतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं, पाचव्या परिच्छेदात वगैरे छापलंही होतं, पण तिथपर्यंत वाचतंय कोण.

मात्र आमचे केव्हर लोक पण कमी नाहीत हां. पत्रकाराला कोणी नीट उत्तर देत नाही, मग तो जे हाताशी लागेल ते छापतो. एकच शहाणा माणूस बोलण्यासाठी नेमायचा आणि बाकीच्यांनी तोंडं शिवायची, हे जमलं की बरंच सुधारतं. तुमच्या टीमनेही ते करा, आणि तो माणूस गप्पिष्ट नको.

चिखलात_लोळणारी

@वेल्सवाला_विन्या, शेवटचं वाक्य लागलं बरं का :)

अपडेट: उपसंपादककाकांनी सांगितल्याप्रमाणे दुपारी साडेतीनला फोन केला. चौकट दहा मिनिटांत ऑनलाइनवरून गेली, त्या मुलाने स्वतः फोन करून सॉरी म्हटलं, बिचारा खरंच ओशाळला होता. मथळा तसाच आहे. खुलासा काल आतल्या पानावर आला, चार ओळी, त्यात म्हटलंय की "सदर खांब मिठाचे नसून क्षारांचे आहेत". गावाच्या उल्लेखाबद्दल एक शब्द नाही.

छापील अंक मात्र गेला तो गेलाच. आमच्या तिकडच्या गाइडला फोन करून सगळं सांगितलं, तो म्हणाला पुढच्या वेळी याल तेव्हा मुखियाला तुम्ही स्वतःच सांगा. ते काम आता फेब्रुवारीपर्यंत डोक्यावर.

आणि काल संध्याकाळी इथल्या एका टूरवाल्यांचा फोन, त्यांची ईशान्य भारताची सहल असते, ४५ सीटर. पेपरात वाचलं म्हणाले, आमच्या ज्येष्ठ नागरिकांना जमेल का, आत रेलिंग आहे का आणि चहाची सोय? त्यांना मॉस्माईला न्या म्हटलं, ती मेघालयातली पर्यटकांची गुहा, तिथे दिवे आहेत. तर म्हणे मॉस्माई सगळेच दाखवतात हो, आम्हाला तुमची ती अज्ञात हवी आहे.