वाळवंटातल्या नदीची पेठ: तोंडाशी की खडकापाशी?

गोवळकोटचा_धक्का
दोन वर्षं एक कल्पित प्रदेश उभा करतोय. मरुदा ही एकच नदी, दोन्ही अंगांना वाळवंट, काठाने पाच पेठा. पहिली चार प्रकरणं मित्राला वाचायला दिली. तो म्हणाला, राजधानी चुकलीय. मी ती समुद्रापासून पंधरा दिवस आत, पात्रात खडक लागतात तिथे वसवली आहे. पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, तिथे अडतात आणि माल उंटांवर चढतो. मित्राचं म्हणणं, पैसा नदीच्या तोंडाशीच असतो.

मला नाही पटत. आमचं चिपळूण बघा. भरतीबरोबर गलबतं वाशिष्ठीतून गोवळकोटला यायची. तिथून माल बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढायचा. माल जिथे वाहन बदलतो तिथे हमाल लागतात, वखार लागते, मुक्काम पडतो, भाव ठरतो. पेठ तिथेच वसणार. तुम्हाला काय वाटतं?

दाभोळकाठ
तुमचा मित्र बरोबर आहे. बहमनी काळात परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी नाव होतं ते वाशिष्ठीच्या तोंडावरच्या दाभोळचं आणि चौलचं. अरबी घोडे तिथे उतरायचे. घाटावरच्या सुलतानाला घोडा हवा असेल तर बंदराकडेच बघावं लागे. तुमच्याकडे तर सह्याद्रीही नाही, सगळं सपाट. तांडेवाले राजधानीला वळसा घालून निघून गेले तर जकात कोण देणार? नदीच्या तोंडाला वळसा घालता येत नाही.

गोवळकोटचा_धक्का
सपाट असलं तरी वाट विहिरींनी बांधलेली असते. पुढची विहीर चार दिवसांवर असेल तर तांडा तिकडेच जाणार. विहीर म्हणजेच तिथला घाट. आणि तोंडावरच्या शहराला समुद्राची भीती असते, ती वेगळीच. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं, ते जहाजांतून उतरूनच.

दाभोळकाठ
आत असून तरी काय वाचतं? राजापूर खाडीत चांगलं आत आहे. 1661 मध्ये महाराजांनी ते घेतलं आणि इंग्रजांची वखार लुटली. धनी माणूस जिथे असेल तिथे शत्रू पोचतोच. निदान बंदरातून समुद्रावर पळता येतं.

अर्जुनाकाठ
राजापूरचं नाव निघालं म्हणून लिहिते. वाद बंदराचा चाललाय, पाण्याबद्दल कुणी बोलतच नाही. वाळवंटातल्या नदीचं पाणी तिथलं नसतं. नाईलला अत्बारा मिळाली की पुढे समुद्रापर्यंत एकही उपनदी नाही. पाऊस पडतो इथियोपियाच्या डोंगरांत आणि पूर यायचा इजिप्तच्या कोरड्या उन्हात. काठावर पायऱ्या आणि खुणा कोरलेल्या असायच्या. पाणी कितव्या खुणेला लागलं त्यावरून त्या वर्षीच्या पिकाचा आणि शेतसाऱ्याचा अंदाज बांधत. मरुदाची राजधानी कुठेही ठेवा, पण तिच्याकडे अशी एक पायरी हवीच. ती मोजणारा माणूस मला राजापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

दुसरं, पश्चिम आफ्रिकेतलं, सहाराच्या कडेचं तिंबक्तू बघा. शहर नायजर नदीच्या ऐन काठावर नाही, काही कोस बाजूला आहे. नदीवरचं बंदर काबारा. उत्तरेच्या खाणींतून मिठाच्या लाद्या उंटांवर येतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन बांधलेल्या. आणि गिनीच्या डोंगरांतल्या पावसाचा पूर तिथे पोचतो डिसेंबर-जानेवारीत! म्हणजे पडाव भरायचे दिवस ऐन थंडीत. आपल्याकडे पाऊस पडला की दोन तासांत पऱ्या भरतो, म्हणून हे उशिरा येणारं पाणी आपल्याला सुचत नाही.

खाजणातला
मला मूळ गोष्टच खटकते. दारात खाडी, कांदळवन, उधाण-भांगाचं, म्हणजे मोठ्या-लहान भरतीचं गणित, आणि लिहायचं वाळवंट? माझे वडील मंगळुरी कौलांचे मचवे रिकामे करायचे. गुडघाभर चिखलात माणसांची रांग, कौलं या हातातून त्या हातात, आणि तांडेल ओरडतोय, पाणी ओसरतंय, आटपा. हे कुणी लिहायचं?

गोवळकोटचा_धक्का
दादा, ती रांग मी घेणार आहे, तुमची हरकत नसेल तर. वाळवंट निवडलं कारण तिथे एका नदीवाचून दुसरं काहीच नाही. व्यापार कशावर उभा असतो ते तिथे उघडं दिसतं. आपल्याकडे हिरवाईत ते झाकलं जातं.

खाजणातला
घ्या. पण तांडेलाला ओहोटीची घाई होती. तुमच्या मरुदाला भरती-ओहोटी कुठे आहे खडकापर्यंत? तुमचा हमाल कशासाठी धावेल?

दाभोळकाठ
हाच तर माझा मुद्दा. ओहोटी तोंडाशीच मिळते.

अर्जुनाकाठ
वारा द्या त्याला. नाईलचा प्रवाह उत्तरेकडे जातो आणि वारा बहुतेक उत्तरेकडूनच येतो. खाली जाताना प्रवाह, वर येताना शीड. इजिप्तच्या जुन्या चित्रलिपीत दक्षिणेकडे जाण्याच्या खुणेत नावेचं शीड उभारलेलं असतं, उत्तरेच्या खुणेत उतरवलेलं. वारा पडला की वर जाणारा पडाव जागीच अडकतो.

गोवळकोटचा_धक्का
म्हणजे दुपारी वारा सुटायच्या आत माल चढला पाहिजे. चौथं प्रकरण आज रात्री मोडतो. राजधानी मात्र खडकापाशीच राहील. पायरी मोजणारी बाई असेल, आणि ती दाभोळकाठांच्या बाजूची असेल.

दाभोळकाठ
मग तिला तोंडावरच्या पेठेत जन्मू द्या. पाचवं प्रकरण मला आधी पाठवा.