एंडोस्कोपीने गाठ पूर्ण निघाली, तरी शस्त्रक्रिया का?

प्रश्न : माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांच्या जठरातील २ सेंटिमीटरची प्राथमिक अवस्थेतील कर्कगाठ एंडोस्कोपीने एकसंध काढली आणि कडाही कर्कपेशींपासून मोकळ्या आल्या, मात्र गाठ सबम्यूकोसात (जठराच्या अस्तराखालच्या थरात) ८०० मायक्रॉन (०.८ मिलिमीटर) खोल गेली असून लसिकावाहिनीतही पेशी आहेत, असे अहवालात लिहिले आहे. आता डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. सगळे निघाले असताना पोट पुन्हा कशासाठी उघडायचे?

प्रतिसाद १ : मोकळ्या कडा जठराच्या भिंतीपुरत्याच बोलतात, लसिकावाहिन्यांतून कर्कपेशी ज्या लसिकाग्रंथींत पोहोचू शकतात त्या भिंतीबाहेर असतात आणि एंडोस्कोप तिथे पोहोचत नाही. जपानी मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५०० मायक्रॉनपेक्षा अधिक खोली किंवा वाहिनीतील पेशी, यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास ग्रंथींसह जठराचा भाग काढणे हाच प्रमाण उपचार आहे. ग्रंथी बाधित असण्याचा धोका मोजणाऱ्या तिथल्या ‘ई-क्युरा’ गुणपद्धतीत लसिकावाहिनीतील पेशींना ३ गुण आहेत आणि खोली, ३ सेंटिमीटरहून मोठा आकार, बाधित तळकड (काढलेल्या तुकड्याची खालची कड) व शिरेतील शिरकाव यांना प्रत्येकी १. वडिलांचे ४ गुण होतात. २ ते ४ गुणांच्या गटात ग्रंथी बाधित असण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते, तर ५ ते ७ गुणांच्या गटात सुमारे २३ टक्के.

प्रतिसाद २ : म्हणजे बहुतेकांच्या ग्रंथी स्वच्छच निघतात, हेही लक्षात घ्यावे. हृदय, फुफ्फुसे व एकंदर ताकद चांगली असल्यास मी शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे, कारण ग्रंथींत रोग उशिरा उघड झाला तर तो बरा होणे अवघड असते. जठराचा किती भाग जाणार, हे सर्जनना आवर्जून विचारा. पूर्ण जठर गेल्यास वजन घटते, थोडे थोडे जेवावे लागते आणि बी-१२ आयुष्यभर घ्यावे लागते.