पाण्याचा थेंब धूसर, हरवळ्याचा धबधबा पांढराफटक: काय चुकतंय?

पोरसातला_कॅमेरा (फोंडा)

नमस्कार मंडळी. पावसामुळे सध्या घरातच पडत्या थेंबाचे फोटो काढायचा प्रयत्न चालू आहे. चवथीच्या सुट्टीत गोव्यातलेच हरवळे (धबधबा) आणि नेत्रावळी (बुडबुड्यांची तळी) करायचा बेत आहे. सामान असं: क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, १८-५५ किट लेन्स, ५० मिमी एफ/१.८, मॅन्युअल पॉवर असलेला एक फ्लॅश आणि तिपाई.

थेंबासाठी नळाखाली काळी ताटली ठेवतो. शटर १/२०० सेकंद, एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, फ्लॅश कॅमेऱ्यावरच टीटीएलवर, म्हणजे पॉवर कॅमेराच ठरवतो. थेंब दिसतो, पण मागे धुरकट शेपूट येते आणि कडा धारदार येत नाहीत. शटर १/२०० च्या वर नेलं की कॅमेरा हाय स्पीड सिंकवर (जलद शटरसाठीच्या फ्लॅशच्या पद्धतीवर) जातो आणि शेपूट आणखीच वाढते. फोकस कधी पुढे, कधी मागे.

धबधब्याला २ सेकंद, एफ/२२ ठेवलं तर पाण्याच्या जागी नुसता पांढरा गोळा दिसतो. तिसरं म्हणजे, या हवेत कॅमेरा आणि लेन्स ठेवायच्या कशा? सगळं सविस्तर सांगितलंत तर बरं होईल.

निखळ_उजेड

आधी थेंबाचं बघू. तुमचा सगळा भरवसा शटरवर आहे आणि घोटाळा तिथेच आहे. थेंब शटरने गोठत नाही, फ्लॅशच्या लखलखाटाच्या कालावधीने गोठतो. ४० सेंमीवरून पडणारा थेंब पाण्याला टेकताना सेकंदाला सुमारे २.८ मीटर वेगात असतो. १/२०० सेकंदात तो १४ मिमी सरकतो, आणि थेंब स्वतः जेमतेम साडेचार मिमीचा. म्हणजे खोलीतला दिवा चालू असेल तर शटर उघडं असेपर्यंत थेंबाचा लांबट पट्टा नोंदला जातो, आणि त्यावर फ्लॅशची प्रतिमा बसते. तुमची शेपूट ती हीच.

आता फ्लॅशचं. हे फ्लॅश पॉवर कमी करतात ते उजेड मंद करून नाही, तर लवकर विझवून. पूर्ण पॉवरला लखलखाट साधारण १/१००० सेकंद टिकतो, १/१६ ला साधारण १/१००००, १/६४ ला १/२५००० च्या आसपास. मॉडेलप्रमाणे आकडे थोडे बदलतात, पण क्रम हाच. तोच थेंब १/१००० सेकंदात जवळपास ३ मिमी सरकतो, १/१०००० मध्ये पाव मिमीच्या थोडा वर, १/२५००० मध्ये फक्त एक दशांश मिमी. म्हणून टीटीएल बंद करा, कारण तिथे कॅमेरा हवी तेवढी पॉवर ओढतो. मॅन्युअलवर १/३२ ठेवा. उजेड कमी पडला तर पॉवर वाढवू नका, फ्लॅश जवळ आणा किंवा आयएसओ ४०० करा. हाय स्पीड सिंक तर या कामात वर्ज्यच. त्यात फ्लॅश शटरचा पडदा सरकत असेपर्यंत पुनःपुन्हा लुकलुकत राहतो, एकच तोकडा लखलखाट राहत नाही, त्यामुळे गोठवण्याची ताकदच जाते.

सेटिंग: शटर १/२००, एफ/११, आयएसओ २००. पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. करडा दिसला तर खोलीत उजेड शिल्लक आहे. ही परीक्षा पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा, साधा रेडिओ ट्रिगर पुरतो. पाणी चकचकीत असतं, त्यावर समोरून थेट उजेड टाकला की फक्त फ्लॅशचा पांढरा ठिपका दिसतो. भांड्याच्या मागे ३० सेंमीवर ट्रेसिंग पेपर ताणून लावा आणि फ्लॅश त्याच्या मागून मारा. थेंबाला आकार येतो तो या उजळलेल्या कागदाच्या प्रतिबिंबाने. रंग हवा असेल तर पाण्यात घालण्यापेक्षा फ्लॅशवर रंगीत जिलेटिन (पारदर्शक रंगीत कागद) लावा, दर वेळी भांडं धुवावं लागत नाही.

नळ सोडून द्या. औषधांच्या दुकानात सलाइनचा सेट मिळतो. नेहमीच्या सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात आणि चाकाने वेग नेमका लावता येतो. वर बाटली टांगा, नळीचं टोक स्टँडला पक्कं बांधा. बाटलीतली पातळी उतरली की दाब कमी होतो आणि थेंबांची लय बिघडते, म्हणून अर्ध्यावर यायच्या आत भरत राहा.

ताटलीऐवजी खोल भांडं घ्या आणि काठोकाठ भरा. पातळ थरावर थेंब पडला की मुकुट उठतो, ३-४ सेंमी खोल पाण्यात पडला की मधून खांब उसळतो. काठोकाठ भरण्याचं कारण वेगळं: कॅमेरा जवळजवळ पाण्याच्या पातळीला आणता येतो आणि भांड्याची कड चौकटीत येत नाही. अतिवेगवान फ्लॅश छायाचित्रणाचे प्रणेते हॅरॉल्ड एजर्टन यांचा १९५७ चा दुधाच्या थेंबाचा मुकुट पाहिला असेल, तो पातळ थराचाच प्रकार.

फोकससाठी थेंब पडतो तिथे भांड्यावर आडवी पेन्सिल ठेवा. तिच्यावरची छापील अक्षरं लाइव्ह व्ह्यूत दहापट मोठी करून मॅन्युअल फोकस करा. मग पेन्सिल काढा, फोकस रिंगला हात लावू नका. ५० मिमीला १२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ कडी, जवळून फोकस करण्यासाठी) जोडलीत तर चौकट पुरेशी भरते. ट्यूब मात्र विजेचे संपर्क असलेली घ्या, नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सचं छिद्र कॅमेऱ्यातून बदलता येत नाही.

पोरसातला_कॅमेरा

मनापासून आभार. फ्लॅश बंद ठेवून पाहिलं, दुपारी खिडकी लावूनही चौकट करडीच येते. रात्रीच करावं लागेल का? आणि खांबाच्या टोकावर छत्रीसारखं पसरलेलं पाणी दिसतं ते फोटो हाताने साधतात का?

निखळ_उजेड

रात्री केलंत तर उत्तम. दिवसाच करायचं असेल तर एफ/१६, आयएसओ १०० वर जा, म्हणजे आधीपेक्षा दोन स्टॉप उजेड कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तेवढ्याची भरपाई फ्लॅश कागदाच्या निम्म्या अंतरावर आणून करा. अंतर निम्मं झालं की उजेड जवळपास चौपट होतो, पण चकाकीचा गोलही लहान होतो, तेव्हा चौकटीच्या कडा काळ्या पडत नाहीत ना ते बघा.

नुसता खांब हाताने साधतो. थेंब पाण्याला टेकताना दाबा, तुमच्या बोटाला आणि कॅमेऱ्याला लागणाऱ्या वेळात खांब उठलेला असतो. छत्रीसाठी मात्र दुसरा थेंब त्याच खांबाच्या टोकावर नेमका आदळावा लागतो. ते हातावर सोडण्यासारखं काम नाही.

सोल्डरगन (मडगाव)

छत्रीबद्दल. १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडझाप होणारी तोटी), अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) एवढ्यात काम होतं. पहिला थेंब ४० मिलिसेकंद व्हॉल्व्ह उघडून सोडा, दुसरा साधारण १०० मिलिसेकंदांनंतर. मग हे अंतर ५-५ मिलिसेकंदांनी मागेपुढे करत टक्कर शोधा. उंची बदलली की सगळे आकडे बदलतात, म्हणून स्टँडवर खूण करून ठेवा. कॅमेरा बल्बवर (शटर हवं तितका वेळ उघडं), अंधारात, आणि अर्डुइनोने शटरऐवजी फ्लॅश उडवायचा, म्हणजे शटरच्या विलंबाचा प्रश्नच उरत नाही.

व्हॉल्व्हच्या कॉइलला समांतर १एन४००७ डायोड लावल्याशिवाय वीज जोडू नका. डायोडवरच्या पट्टीची बाजू प्लसकडे. कॉइल बंद होताना उलट व्होल्टेजचा झटका येतो आणि मॉसफेट जातो, कधी बोर्डही.

साध्या पाण्याची छत्री लगेच फाटते. एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक सपाट चमचा ग्वार गम (गवारीच्या बियांची, पाणी घट्ट करणारी पूड) ढवळत घाला, रात्रभर ठेवा, सकाळी पातळ कपड्यातून दोनदा गाळा. गाठी राहिल्या तर व्हॉल्व्ह तुंबतो. काम झालं की व्हॉल्व्हमधून गरम पाणी सोडून धुवा, गम आत सुकला तर पुढच्या वेळी थेंब वाकडा पडतो.

सत्तरीचा_पाऊस (वाळपई)

आता बाहेरचं. पांढऱ्या गोळ्याची कारणं दोन. एक म्हणजे २ सेकंद फार झाले. ऑक्टोबरनंतरच्या बारीक धारेला ते ठीक, पण भर पावसातल्या हरवळ्याला पाणी इतकं असतं की एवढ्या वेळात प्रत्येक जागेवरून फेस वाहून जातो आणि धारांमधला फरक पुसला जातो. पाणी जितकं जास्त आणि वेगवान, तितकं शटर तोकडं. अशा वेळी १/४ ते १/२ सेकंद पुष्कळ, कधी १/८ देखील सुंदर दिसतो कारण धारांची वीण टिकते. दुसरं म्हणजे भोवतालची ओली झाडी आणि काळा खडक बघून कॅमेऱ्याचा मीटर एक्सपोजर वाढवतो आणि पाणी जळतं. दोन तृतीयांश ते एक स्टॉप उणे करा, हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटपाचा आलेख) उजव्या कडेला आदळू देऊ नका.

एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लगेच विकत घ्यायची गरज नाही. ढग दाटलेले असताना झाडीत आयएसओ १००, एफ/११ ला शटर आपोआप १/८ च्या आसपास येतं. त्यावर पोलरायझर (प्रतिबिंब कापणारा फिल्टर) लावला की सुमारे दोन स्टॉप जातात आणि १/२ मिळतं. शिवाय पानांवरची, खडकावरची चकाकी उतरते आणि हिरवा रंग खरा दिसतो. माझ्या मते पावसाळ्यातल्या गोव्यासाठी घेण्यासारखा पहिला फिल्टर हाच. एनडी लागतो तो ऊन असताना: उन्हात एफ/११ ला १/२५० येतं, तिथून १/२ वर यायला सात स्टॉप हवेत. एफ/२२ सोडून द्या. विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) अख्खा फोटो मऊ होतो आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण उठून दिसतो.

तिपाईवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, २ सेकंदांचा टायमर चालू. तुषार थेट काचेवर येतात, म्हणून लेन्सपुढे टोपी धरून ठेवा आणि शटर दाबायच्या क्षणी बाजूला घ्या. मायक्रोफायबरची ३-४ फडकी वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत न्या, एक ओलं झालं की तेच पुन्हा पुन्हा फिरवलं तर काचेवर नुसते फराटे उठतात. आणि हे गंभीरपणे: वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक चढतं. शेवाळलेल्या खडकावर तिपाई लावण्यासाठी पुढे जाऊ नका, आणि निघण्याआधी धबधब्यांवर बंदीचा आदेश आहे का ते विचारून घ्या.

नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळापुढची बुडबुड्यांची तळी हा तुमच्या थेंबाच्या प्रयोगाचा पुढचा धडा आहे. बुडबुडा पाण्यातून सेकंदाला साधारण २०-३० सेंमी वर चढतो. १/२५० ला तो गोल मणी दिसतो, १/३० ला ८ मिमीची चंदेरी रेघ होते. दोन्ही काढून बघा. पाण्यातली माळ दिसायला हवी असेल तर पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून खाली बघत पोलरायझर फिरवा, या कोनाला आभाळाचं प्रतिबिंब जवळपास पूर्ण कापलं जातं. अगदी उभ्याने खाली बघितलंत तर पोलरायझर काहीच करत नाही. उलट वर्तुळं आणि आभाळ हवं असेल तर पोलरायझर काढा, खाली बसा आणि १/५०० ठेवा. देवस्थानचं तळं आहे, पाण्यात पाय किंवा तिपाई घालू नका, फ्लॅश टाळा.

मांडवीपलीकडे (बेती)

दमटपणाचं मी सांगतो. बुरशी सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की वाढते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ८०-९० असते. लेन्स ४०-५० टक्क्यांत ठेवायच्या. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, डिजिटल हायग्रोमीटर आणि सिलिका जेल.

१० लिटरच्या डब्यातल्या ३० अंशांच्या, ९० टक्के दमट हवेत पाणी असतं फक्त पाव ग्रॅमच्या थोडं वर. मग जेल इतक्या लवकर का संपतं? कारण आपण फोमची बॅग, कापडी पट्टा, चामड्याचं कव्हर सगळं डब्यात कोंबतो आणि ओल त्यात असते. डब्यात फक्त बॉडी आणि लेन्स ठेवा, बॅग बाहेर उन्हात. मग २५० ग्रॅम जेल बराच काळ चालतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर २-३ तास भाजा आणि बंद बरणीत थंड करून डब्यात ठेवा. तांदूळ घालू नका, पीठ उडतं.

हरवळ्याला जाताना गाडीतला एसी हा खरा शत्रू. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के असेल तर दव धरण्याचं तापमान २६ च्या आसपास असतं. २२-२३ अंशांवरची लेन्स बाहेर काढली की क्षणात धुकं धरते, आणि त्या वेळी लेन्स बदललीत तर सेन्सरवरही. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा उघडा, किंवा कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवून बाहेरच्या हवेत अर्धा तास राहू द्या. दव पिशवीवर बसतं, काचेवर नाही.

लेन्स तपासायची तर छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटोत फरक जाणवत नाही, पण थांबू नका, काचेवरच्या लेपावर एकदा कोरली गेली की साफ केल्यावरही खूण राहते. काच उघडायचं काम जाणत्या दुरुस्तीवाल्याकडेच द्या.